वारीसाठी घेतलेले पट्ट्यांचे सँडल: पंढरपूरपर्यंत टिकले

आळंदी ते पंढरपूर, सुमारे २५० किलोमीटर, माउलींच्या पालखीसोबत चालले तेव्हा पायात हेच होते. बूट नकोतच, पावसात भिजले की दुसऱ्या दिवशीही ओलेच. हे झटकले की झालं. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण, तरी टाचेला फोड नाही. करंगळीला मात्र पुढचा पट्टा काचतो, तिथे आधीच चिकटपट्टी लावा.

खरी तक्रार वेल्क्रोची. चिखल बसला की पकड सुटते. माळशिरसच्या पुढे रोज रात्री मी टूथब्रशने घासत बसायचे (दातांचा वेगळा होता, हो!). बाजीराव विहिरीच्या रिंगणाला रानात उतरलात तर विचारूच नका.

पंढरपुरात दर्शनबारीआधी चपला काढायच्या, म्हणजे काळा जोड त्या ढिगात सापडणं कठीण. भडक रंगाचाच घ्या. आणि एक नंबर मोठा. परतीच्या एसटीत पाय इतके सुजले होते की पट्टे शेवटच्या टोकापर्यंत सैल करावे लागले. त्यातही ते बसले, म्हणून पाचपैकी चार.