टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागताय? आधी शॉर्टेजचा खेळ समजून घ्या

खान्देशातल्या हेवी लायसनवाल्या पोरांसाठी लिहितोय. सध्या धुळे-जळगावच्या ड्रायव्हर ग्रुपांवर "पेट्रोल-डिझेल टँकरला ड्रायव्हर पाहिजे, 22 हजार पगार, भत्ता वेगळा" असे मेसेज फिरतायत, मीपण असल्याच एका मेसेजवरून लागलो होतो. त्याआधी केळीच्या गाडीवर होतो, सावद्याहून दिल्ली, आठ-आठ दिवस घराचं तोंड नाही. इथं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोत भरायचं, धुळे-शिरपूर-दोंडाईचाला खाली करायचं न रात्री जेवायला घरी, म्हणून पगार थोडा कमी असला तरी चालेल म्हटलं.

शेठ बोलायला एकदम गोड. "तू काय चिंता करू नको भो, मी शे ना." चहा पाजला, पारोळ्याकडचा म्हटल्यावर दोन नातेवाईकपण काढले. मग डेपोचा पास काढायचा म्हणून ओरिजिनल लायसन घेतलं, 15 हजार "शॉर्टेज डिपॉझिट" रोख घेतलं, पावती नाही, आणि दोन कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या. पाससाठी कागद लागतात, पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, हे खरंय, पण ओरिजिनल लायसन मालकाच्या कपाटात कशाला पाहिजे? तिथल्या सगळ्या ड्रायव्हरांची लायसन्स रबर लावून त्याच कपाटात होती.

आता शॉर्टेज, म्हणजे भरलं त्यापेक्षा खाली करताना माल कमी भरणं. पेट्रोल गरमीत फुगतं आणि थंड झालं की आकसतं. मेच्या दुपारी भरलेलं 12 हजार लिटर पेट्रोल सकाळपर्यंत 10 डिग्रीनं जरी उतरलं तरी शंभराच्या वर लिटर कमी दिसतं, एक थेंब न सांडता. म्हणूनच तर डेपोच्या बिलावर डेन्सिटी म्हणजे घनता लिहिलेली असते आणि पंपावर घनता-तापमान बघून मग हिशोब धरायचा असतो. आमच्या इथं फक्त डिप बघायचे, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून माल कुठवर आहे ते. तेपण टँकरच्या वजनमापाचा शिक्का असलेल्या पट्टीनं नाही, पंपावरची कुठलीतरी जुनी पट्टी. सील शाबूत, लॉक शाबूत, तरी स्लिपवर 40 लिटर शॉर्ट, आणि लिटरला शंभरच्या वर भाव धरून हिशोब माझ्या पगारातून!

खरी गंमत पुढं आहे. त्या पंपावर गाडी कायम एकाच जागी लावायला सांगायचे, पुढचा भाग जरा उतारावर. नियम असा की गाडी सपाट जागी उभी पाहिजे, माल जरा स्थिर होऊ द्यायचा न मग डिप घ्यायचा. गाडी पुढं झुकलेली असली की माल पुढच्या कोपऱ्यात साचतो, मागच्या व्हॉल्व्हमधून येतच नाही. मॅनेजर वरून टॉर्च मारून "खाली झाली" म्हणायचा. एकदा यार्डात गाडी सपाट लागली तेव्हा क्लीनरनं सहज व्हॉल्व्हखाली बादली धरली, तर बादली भरली, दुसरी लावली, तीपण अर्धी झाली. रोज गाडी धुवायला येणारी पोरं कॅन घेऊन का येतात ते तेव्हा कळलं. पंप शेठच्या मेव्हण्याचा होता हे त्याहून नंतर कळलं. म्हणजे माल तेच ठेवून घ्यायचे आणि पैसे माझ्याकडून कापायचे.

पगाराच्या दिवशी हातात साडेसहा हजार आले. मी तोंड उघडायच्या आत सुपरवायझर कडेला घेऊन म्हणतो, सगळेच भरून काढतात, मालेगावच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबत जा, तो कॅननं माल घेतो, कमी झालेलं कसं भरायचं तेपण तो सांगेल. म्हणजे सरळ भेसळच. इथं माझं डोकं ठणकलं. शॉर्टेज खोटं दाखवून ड्रायव्हरला कर्जात घालायचं, मग त्यालाच चोरी करायला लावायची, आणि एकदा केली की तो आयुष्यभर गप्प. पकडला गेला तर गाडीवर नाव त्याचं, शेठ मोकळा. भेसळीचं प्रकरण म्हणजे काय हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको, 25 जानेवारी 2011 ला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे साहेबांना याच मनमाडच्या बाजूला जिवंत जाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी काम सोडतो सांगितलं तर गोड बोलणं बंद. लायसन देत नाही, स्टॅम्पपेपरवर दोन लाख उसने लिहून घेईन म्हणाला. पोलीस स्टेशनला गेलो, ते म्हणे आपसातलं आहे, मिटवून घ्या. मग कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज टाकला, सोबत स्लिपांचे फोटो, बादलीचा व्हिडिओ. नोटीस गेल्यावर लायसन आणि स्टॅम्पपेपर परत आले. डिपॉझिट अजून अडकलंय, तारीख पे तारीख चालूय.

तर लागायचंच असेल तर लायसनची झेरॉक्स द्या, ओरिजिनल मागितलं तर उठून या. घातक मालाचं 3 दिवसांचं ट्रेनिंग स्वतः जाऊन करा न लायसनवर नोंद करून घ्या, "सर्टिफिकेट आम्हीच काढून देतो" म्हणणाऱ्याकडे तर फिरकूच नका. डिपॉझिट दिलंच तर ऑनलाइन द्या, काय म्हणून दिलं ते मेसेजमध्ये लिहून. खाली करताना बिल, सील, डिप, सगळ्याचे फोटो काढा, डिप टँकरच्या पट्टीनंच घ्यायला लावा, आणि शेवटी बादली धरल्याशिवाय खाली झाल्याची सही करू नका. मॅनेजर चिडेल, चिडू द्या.

त्याच शेठचा मेसेज परवा परत आला ग्रुपवर, नंबर नवीन, मजकूर तोच, फक्त डिपॉझिट आता 20 हजार केलंय.