लिमिटेड एडिशनचं व्हॅक्युम फिलर पेन: नऊ महिने रोज लिहून

पेन घरी आलं तेव्हा भाच्याने बजावलं, "मावशी, याला शाई लावू नकोस. खोक्यासकट ठेव, पुढे चांगली किंमत येईल." मी त्याच रात्री शाई भरली. ठाण्याच्या कोर्टात वकिली करते, प्रत्येक मसुदा आधी हाताने लिहिते आणि मग टायपिंगला देते. टोपणाच्या कड्यावर कोरलेल्या क्रमांकाचं कौतुक चार दिवसांत ओसरलं. शाई भरायच्या रचनेचं मात्र आजही तितकंच आहे.

मागची घुंडी फिरवून सोडवायची, दांडी पूर्ण बाहेर ओढायची, निब आख्खी दौतीत बुडवायची आणि दांडी एका दमात आत दाबायची. दांडीच्या टोकाचं सील नळीला घट्ट धरून पुढे सरकतं, त्याच्या मागे निर्वात पोकळी, म्हणजे व्हॅक्युम, तयार होते. निबेजवळ नळी किंचित रुंद केलेली आहे. सील तिथे पोचलं की पकड सुटते आणि शाई भसकन आत शिरते. पारदर्शक नळीतून हे सगळं दिसतं. नऊ महिने झाले, अजून मी प्रत्येक वेळी बघत राहते. कल्पना जुनीच, लंडनच्या डी ला रू कंपनीने 1905 साली ओनोटो पेनात आणलेली. पायलटचं कस्टम 823 आजही याच तत्त्वावर चालतं. नेहमीच्या पेनात बसवायच्या सुट्या शाईच्या नळीत, म्हणजे कन्व्हर्टरमध्ये, पाऊण मिलीच्या आसपास शाई मावते, इथे दीड मिली सहज.

पण खरी गोष्ट घुंडीची. ती पूर्ण बंद असली की दांडीचं टोक निबेकडे जाणारी वाट अडवतं. हे मला पहिल्या आठवड्यात माहीत नव्हतं. एक कैफियत लिहायला बसले होते. तिसऱ्या पानावर अक्षर फिकं पडत गेलं आणि थांबलंच. नळीत निम्मी शाई दिसतेय आणि निब कोरडी! निब खराब निघाली म्हणून रात्रभर जीव खालीवर. सकाळी घुंडी दोन आटे सैल केली, शाई झरझर उतरली. आता लांब लिहायचं असलं की आधी घुंडी सैल करते, एखादी सही किंवा चार ओळींची नोंद असेल तर बंदच ठेवते.

हीच अडवलेली वाट लोकलमध्ये कामी येते. हायकोर्टाची तारीख असली की ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत पर्स छातीशी धरून उभं राहायचं. अंगाच्या उबेने नळीतली हवा प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. कॉलेजात ड्रॉपरने भरायच्या पेनाने असेच माझे दोन कुर्ते घालवले. या पेनाच्या टोपणात आजवर एक थेंबही सापडलेला नाही.

पावसाळ्यात कागद सादळतो आणि शाई फुटते. त्याला पेन काय करणार, मी कागद बदलला.

त्रास आहे तो धुण्याचा. रंग बदलायचा तर वीस-पंचवीस वेळा पाणी आतबाहेर करावं लागतं, तरी सीलमागे निळी रेघ राहतेच. म्हणून मी कॅम्लिनची रॉयल ब्लू सोडून दुसरी शाई भरत नाही. दौत अर्धी झाली की निब पूर्ण बुडत नाही आणि शाईऐवजी हवा भरली जाते. मग उरलेली शाई औषधाच्या अरुंद बाटलीत ओतून घेते. सहाव्या महिन्यात दांडी जड जायला लागली. एका दुकानदाराने पेट्रोलियम जेली लावायला सांगितली. ती अजिबात लावू नका, काही रबरं तिने फुगतात. सिलिकॉन ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका पुरला.

दर आठवड्याला नवी शाई लावून बघायची हौस असेल तर कन्व्हर्टरचंच पेन घ्या. एकाच शाईने पानंच्या पानं लिहीत असाल तर हे घ्या आणि पहिल्याच रात्री भरा. माझ्या पेनाच्या कड्यावरचा क्रमांक नऊ महिन्यांत थोडा झिजलाय. भाचा तो बघून हळहळतो, पण परवा स्वतःच दांडी दाबून शाई भरली आणि लगेच विचारलं, "अजून एकदा करू?"