अ‍ॅपऑथ: बेदाण्याच्या अख्ख्या हंगामानंतरचा अनुभव

कोल्ड स्टोअरेजमधला बेदाण्याचा साठा आणि सौद्याची पट्टी सांगली-तासगावच्या शेतकऱ्याला मोबाइलवर दिसावी, यासाठी आमचं अँड्रॉइड अ‍ॅप आहे. हंगामाआधी त्याच्या लॉगिनला अ‍ॅपऑथ ही ओपन सोर्स लायब्ररी लावली. मागे कीक्लोक, म्हणजे वापरणाऱ्याची ओळख तपासून लॉगिन देणारा सर्व्हर. आता सौदे ओसरलेत, आणि माझं मत पक्कं झालंय: लॉगिनचा कॉलबॅक, म्हणजे लॉगिन झाल्यावर ब्राउझरमधून अ‍ॅपकडे परत येणारं उत्तर हाताळणं, हाताने लिहीत बसू नये.

लॉगिनचं पान उघडणं अवघड नाही. कस लागतो तो परत येताना. शेतकरी ओटीपी बघायला मेसेजमध्ये जातो, तेवढ्यात कमी रॅमचा फोन मागचं अ‍ॅप बंद करतो. मग कॉलबॅक आला तरी आपण पाठवलेली 'स्टेट' (उत्तर आपल्याच विनंतीचं आहे हे ओळखायची खूण) आणि पीकेसीईचा (चोरलेला कोड दुसऱ्याला वापरता येऊ नये यासाठीची तजवीज) व्हेरिफायर, म्हणजे त्यातलं गुपित, कुठून आणायचं? अ‍ॅपऑथ मूळ विनंती जपून ठेवते, आलेली स्टेट ताडून बघते आणि जुळली नाही तर एरर देते. आम्ही उत्तर पेंडिंग इंटेंटने (अँड्रॉइडकडे आधीच सोपवून ठेवलेल्या निरोपाने) घेतो, त्यामुळे अ‍ॅप मध्येच मेलं तरी लॉगिन पुरं होतं. पीकेसीई तर न सांगता चालू असतं.

दुसरी अडचण रेंजची. लॉगिननंतर कीक्लोक एक कोड देतो, तो देऊन अ‍ॅपने टोकन (प्रवेशाचा डिजिटल पास) घ्यायचं. कीक्लोकमध्ये या कोडची मुदत मुळात १ मिनिट असते, आणि कोड एकदाच चालतो. बागेत उभ्या माणसाची रेंज नेमकी तेव्हाच गेली, की टोकन मिळत नाही. तोच कोड पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही, लॉगिन नव्याने सुरू करायचं. पण पान वेबव्ह्यूऐवजी (अ‍ॅपच्या आतल्या वेबपानाऐवजी) फोनच्या ब्राउझरमध्ये उघडलेलं असल्याने कीक्लोकची कुकी तिथे शाबूत असते; पासवर्ड, ओटीपी काही न विचारता माणूस आत येतो. मोबाइल अ‍ॅपमधल्या लॉगिनबद्दलच्या २०१७च्या आरएफसी ८२५२ या इंटरनेट मानक-दस्तऐवजात बाहेरच्या ब्राउझरचा आग्रह आहे तो सुरक्षेसाठी, आमच्या शेतकऱ्यांना त्याची सोयही झाली. माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी जमेची बाजू.

उणीव म्हणाल तर टोकन साठवणं ही लायब्ररी आपल्यावर सोडते. ऑथस्टेटचं (टोकनसकट लॉगिनची सगळी माहिती) जेसन, म्हणजे साठवता येईल असा मजकूर, करून देते, ते एन्क्रिप्ट करून ठेवायचं काम आपलं.

रीडायरेक्टला (ब्राउझरने अ‍ॅपकडे परतायच्या पत्त्याला) स्वतःची स्कीम, म्हणजे https ऐवजी आपणच ठरवलेला उपसर्ग, वापरली तर दुसरं अ‍ॅपही तीच नोंदवू शकतं, म्हणून आम्ही एचटीटीपीएसच्या अ‍ॅप लिंक (आपल्या वेबसाइटशी पडताळलेले, थेट आपलंच अ‍ॅप उघडणारे पत्ते) घेतल्या. त्यासाठी वेबसाइटवर ठेवायच्या असेटलिंक्स फाइलमध्ये प्ले स्टोअरच्या साइनिंग कीची फिंगरप्रिंट हवी, अपलोड कीची चालत नाही. आणि कीक्लोकमध्ये रीडायरेक्टचा पत्ता शेवटच्या स्लॅशसकट अक्षरशः तोच भरा, 'काहीही चालेल' असा स्टार (*) टाकून मोकळे होऊ नका.