फोमचे इअरप्लग: रील्सवाल्या सहप्रवाशावर कितपत उतारा?

शेजारचा माणूस फुल आवाजात रील्स बघतोय. त्याला बोलावं, की कानात बोळे घालून गप्प बसावं? ‘कशाला कुणाच्या तोंडी लागा’ असं म्हणणाऱ्यांची पसंती फोमच्या इअरप्लगना असते. वस्तू चांगली आहे, पण काम अर्धंच करते.

महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन तर इथे हमखास फसवतात. बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना या हेडफोनची कल्पना 1978 मध्ये सुचली ती विमानात, आणि हे तंत्र आजही घरघरीवरच खरं चालतं. उलटी लहर सोडून आवाज मारायचा तर तो खालच्या पट्टीतला आणि एकसारखा हवा. साधारण 1000 हर्ट्झच्या वर ही करामत ढिली पडते. त्यामुळे बरेचदा इंजिन गप्प होतं आणि रील मात्र आणखी ठळक ऐकू येते!

फोम उंच पट्टीचे आवाज जास्त अडवतो, म्हणून तो इथे सरस. फक्त नीट घालायला हवा. चपटा दाबू नका. वात वळतात तसा बोटांत बारीक वळा. सुरकुती राहिली तर आवाज तिथूनच शिरतो. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढा, वळी आत सारा आणि फुगेपर्यंत 30 सेकंद बोटाने धरून ठेवा. अर्धा बाहेर राहिला तर काढून पुन्हा घाला. कडक झालेला फोम फुगत नाही, तो टाकून द्या.

पाकिटावर आवाज 33 डेसिबलने घटतो असं लिहिलेलं असलं, तरी तो आकडा प्रयोगशाळेतला. कामाच्या जागची सुरक्षितता पाहणाऱ्या ‘ओशा’ या अमेरिकी सरकारी संस्थेच्या हिशेबाने त्यातून 7 वजा करून निम्मे करायचे, म्हणजे उरले 13. रील पुसट होते, बंद होत नाही.

तेव्हा विचारणं टळत नाहीच. ‘आवाज जरा कमी करता का?’ हळू आवाजात, एकदाच, आणि लगेच नजर दुसरीकडे. टक लावून वाट पाहिली की त्याला चारचौघांत माघार घ्यावी लागते. भांडण पेटतं ते तिथे. प्यायलेला माणूस किंवा टोळकं असेल तर बोलूच नका, जागा बदला, कर्मचाऱ्यांना सांगा.

बोळ्यांचा खरा दोष वेगळाच. दोन सीट पलीकडे एखादीला कुणी छळत असेल तर बोळे घातलेल्याला पत्ताच लागत नाही. रिकाम्या डब्यात एकच कान बंद ठेवा. कुणाला छळताना दिसलंच तर छळणाऱ्याशी हुज्जत न घालता, त्याचं लक्ष मोडायला तिच्याजवळ जाऊन सहज विचारा, ‘पुढचा स्टॉप कोणता?’