कॉमिक्स न वाचणारा जोडीदार: पुस्तक हातात द्यावं, सोबत वाचावं की सिनेमापासून सुरुवात करावी?

आपल्याला कॉमिक्सचं वेड आणि जोडीदाराला त्यात काडीचाही रस नाही, असं असेल तर साधारण इतकेच रस्ते उरतात: एखादं पुस्तक हातात द्यायचं, शेजारी बसून दोघांनी वाचायचं, आधी सिनेमा किंवा सिरीज दाखवायची, वाचायचा आग्रह सोडून नुसत्या गप्पा मारायच्या, नाहीतर विषयच सोडून द्यायचा. माझा नवरा कॉमिक्सवाला नाही, त्यामुळे हे सगळे रस्ते मला जवळून माहितीयेत. माझं मत आधीच सांगून टाकते: पहिलं कॉमिक सोबत वाचा, ते एका पुस्तकात संपणारं असू दे, आणि ते तुमचं लाडकं नसलं तरी चालेल पण समोरच्याच्या आवडीच्या विषयाचं असलंच पाहिजे.

पण त्याच्याही आधी, नाही का म्हटलं जातंय ते नीट ऐकून घ्या. "हे लहान मुलांचं असतं" म्हणणारा माणूस वेगळा, "मला ते सुपरहिरो आणि मारामाऱ्या नकोत" म्हणणारा वेगळा, आणि तिसरा प्रकार जो कोणी तोंडाने सांगत नाही तो म्हणजे पान कसं वाचायचं तेच कळत नाही. आपण लहानपणापासून वाचतोय म्हणून आपल्याला जाणवत नाही, पण कॉमिकच्या पानावर चित्र, फुग्यातले संवाद, वरच्या चौकोनातलं निवेदन, आवाजाची मोठी अक्षरं असं सगळं एकदम अंगावर येतं आणि सवय नसलेला माणूस मग फक्त फुगे वाचत सुटतो, चित्रांकडे बघतच नाही, भराभर पानं उलटतो आणि म्हणतो की यात काही विशेष नाही. स्कॉट मॅक्लाउडने १९९३ मध्ये आलेल्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये हे फार सुंदर दाखवलंय. दोन चौकटींच्या मधली जी कोरी पट्टी असते, जिला गटर म्हणतात, तिथली गोष्ट वाचणाऱ्याच्या डोक्यात घडते. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर फक्त किंकाळी, मधला घाव कुणी काढलेलाच नाहीये, तो आपण घालतो. हे ज्याला अजून जमत नाही त्याला कॉमिक्स आवडत नाहीत असं म्हणणं मला पटत नाही, त्याला ती अजून वाचता येत नाहीयेत एवढंच, आणि ते येऊ शकतं.

हातात देणं आणि सोबत वाचणं

पुस्तक हातात देण्याचा मोठा फायदा म्हणजे समोरच्याला एकांत मिळतो. आपल्या वेगाने वाचायचं, नको तिथे थांबायचं, आवडलं नाही तर ते कुणाला न दाखवता पचवायचं. ज्यांना मुळात वाचनाची आवड आहे, कादंबऱ्या वगैरे वाचतात, त्यांना हाच रस्ता बरा. तोटा असा की पुस्तक उशाशी पडून राहतं आणि आपण दर दोन दिवसांनी "वाचलंस का?" विचारतो, मग ते पुस्तक न राहता गृहपाठ होतो आणि त्या पुस्तकाबरोबर सगळ्या कॉमिक्सवरच मन उडतं. त्यामुळे हातात द्यायचं ठरवलं तर एक नियम पाळा, विचारायचं नाही. वाचून झालं की समोरचा आपणहून बोलेल, नाही बोलला तर तेही उत्तरच आहे.

सोबत वाचण्यात वेळ जास्त जातो, दोघांचा वाचायचा वेग वेगळा असतो, आणि आपल्याला पुढे काय होणार ते माहीत असल्यामुळे आपण पानापेक्षा समोरच्याचा चेहराच बघत बसतो, तो मोह आवरायला लागतो. पण जे फक्त फुगे वाचत सुटतात त्यांच्यासाठी याच्यासारखा उपाय नाही. पात्रं वाटून घेऊन संवाद मोठ्याने वाचा, एकाने एक पात्र दुसऱ्याने दुसरं, म्हणजे आपोआप वेग कमी होतो आणि डोळा चित्रावर टिकतो. पान उलटायचं काम समोरच्याकडे द्या, हे मी अगदी आग्रहाने सांगेन, कारण कॉमिक्समधला धक्का बऱ्याचदा पान उलटल्यावर असतो आणि ज्याच्या हातात पान त्यालाच तो नीट बसतो. आणि समजावून सांगू नका. "हे बघ इथे त्याने रंग कसा बदललाय" हे आपल्याला कितीही सांगावंसं वाटलं तरी पहिल्या वाचनात गप्प बसायचं, विचारलं तर मात्र भरभरून सांगायचं.

आपलं लाडकं की त्यांच्या आवडीचं

बरेच चाहते सगळ्यात आधी 'वॉचमेन' देतात, कारण ते थोर आहे, आणि ते आहेच, १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलं आणि अनेकांची कॉमिक्सकडे बघायची नजर बदलली. पण ते सुपरहिरो या कल्पनेलाच प्रश्न विचारणारं पुस्तक आहे, त्यात गोष्टीच्या आत अजून एक चाच्यांचं कॉमिक चालतं, प्रकरणांच्या शेवटी पानंच्या पानं मजकूर आहे. ज्याने सुपरहिरो वाचलेलेच नाहीत त्याला यातला अर्धा मुद्दा पोचत नाही, म्हणून पहिलं पुस्तक म्हणून मी ते कधीच सुचवणार नाही. चौथं-पाचवं म्हणून जरूर द्या.

त्याच्या शेजारी 'पर्सेपोलिस' ठेवून बघा. मर्जान सत्रापीने स्वतःचं इराणमधलं बालपण, १९७९ ची क्रांती, युद्ध, परदेशात एकटीने राहणं, हे सगळं साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत सांगितलंय, चौकटी सरळ ओळीत आहेत, डोळा कुठे अडत नाही, आणि सुरुवातीच्या पानांतच ती छोटी मुलगी तुम्हाला धरून ठेवते. ज्यांना आत्मचरित्रं, इतिहास, बातम्या यात रस आहे त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती हीच. 'माऊस' पण याच कप्प्यातलं, आर्ट स्पीगलमनने आपल्या वडिलांनी छळछावणीत भोगलेलं मांडलंय, ज्यू म्हणजे उंदीर आणि जर्मन म्हणजे मांजरं असं चित्रण, १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कारही मिळाला. "लहान मुलांचं असतं" म्हणणाऱ्याचा गैरसमज यापेक्षा लवकर कुठलंच पुस्तक दूर करत नाही. पण ते फार जड आहे, समोरचा आधीच ऑफिसने, घरच्या काळजीने दमलेला असेल तर ते आत्ता नको.

शब्दच नको असतील तर शॉन टॅनचं २००६ चं 'द अरायव्हल'. यात एकही संवाद नाही, एक माणूस घरच्यांना सोडून अनोळखी देशात जातो आणि तिथली अक्षरं, प्राणी, यंत्रं त्याला जितकी परकी वाटतात तितकीच आपल्यालाही वाटतात, कारण ती लेखकाने मनाने बनवलेली आहेत. सोबत वाचायला मला हे सगळ्यात जास्त आवडतं, फुगे नाहीत म्हणजे फुगे वाचत पळून जायची सोयच नाही, दोघांना चित्रावरच थांबावं लागतं, आणि "हे काय असेल?" असं समोरच्याने विचारलं की आपल्यालाही तेवढंच माहीत असतं, कुणी जाणकार नाही कुणी नवखा नाही. एका बैठकीत संपतं हा अजून एक फायदा.

डिटेक्टिव्ह कथा आवडणाऱ्याला नाओकी उरासावाचं 'प्लूटो' द्या, आठ खंडांचं आहे, रोबो डिटेक्टिव्ह खुनांचा तपास करतो आणि हळूहळू प्रकरण कुठल्या कुठे जातं. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, असल्यामुळे उजवीकडून डावीकडे वाचावं लागतं, त्याची सवय पहिल्या एक-दोन प्रकरणांत होऊन जाते पण नव्या माणसाला अडचणीवर अडचण नको असं वाटत असेल तर हे दुसऱ्या नंबरला ठेवा. आणि ज्याला काहीही लांबलचक नकोच आहे त्याच्यासाठी 'कॅल्विन अँड हॉब्स', १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षं वर्तमानपत्रांतून येत होतं, तीन-चार चौकटींत गोष्ट संपते. कुठलंही पान उघडा.

एक पुस्तक की लांब मालिका? यात मला काही शंकाच वाटत नाही. 'वन पीस' ही मांगा मालिका १९९७ पासून चालू आहे आणि शंभराहून जास्त खंड झालेत, बॅटमॅन १९३९ चा, स्पायडरमॅन १९६२ चा, यातलं काही रस नसलेल्या माणसापुढे ठेवलं की त्याचा पहिला प्रश्न असतो "कुठून सुरू करू?" आणि त्याचं उत्तर देता देता आपणच पंधरा मिनिटं बोलतो. मालिकेतलंच काही द्यायचं असेल तर त्यातली स्वतंत्र संपणारी गोष्ट शोधून द्या.

सिनेमा आधी की कॉमिक आधी

सिनेमाचा रस्ता सगळ्यात सोपा वाटतो, दोन तास, दोघं सोफ्यावर, कुणालाच काही शिकावं लागत नाही. पण सिनेमा आवडला म्हणजे कॉमिक आवडेल हे गणित बऱ्याचदा जुळत नाही, सिनेमा बघून माणूस पुढचा सिनेमा मागतो, पुस्तक नाही. कुठला सिनेमा निवडता यावरही बरंच आहे. 'पर्सेपोलिस'चा २००७ चा अ‍ॅनिमेशनपट स्वतः सत्रापीने व्हिन्सेंट पारोनोसोबत केलाय आणि त्याची चित्रं पुस्तकासारखीच आहेत, त्यामुळे तो बघून पुस्तक उघडलं तर आपण तिथेच परत आलोय असं वाटतं. 'अकिरा' या मांगाचं उलट आहे, सिनेमा आला १९८८ मध्ये आणि कॉमिक संपलं १९९० मध्ये, सहा जाडजूड खंडांची गोष्ट सिनेमात खूप आवळलीये आणि शेवटही वेगळा आहे, तो बघून पुस्तकाकडे जाणाऱ्याला जवळजवळ दुसरीच गोष्ट वाचावी लागते. मला दोन्ही आवडतात पण जोडीदाराला आत आणायचं दार म्हणून पहिलं चांगलं. 'कॅल्विन अँड हॉब्स'साठी तर हा रस्ताच बंद आहे, ते काढणाऱ्या बिल वॉटरसनने त्याचं कार्टून कधी होऊच दिलं नाही.

कागद की फोन यावर थोडक्यात: सोबत वाचायचं तर कागदच, मांडीवर मोठं पुस्तक उघडं असलं की दोघांना दिसतं. एकट्याने प्रवासात वाचणाऱ्याला वेबटून, म्हणजे फोनसाठीच बनवलेलं कॉमिक, सोयीचं, खाली खाली सरकवत जायचं आणि चौकटी एकेक करून येतात, कुठे बघू हा प्रश्नच येत नाही. पण दोघांत एक फोन घेऊन वेबटून वाचणं नको, एकाचं वाचून होतं तोवर दुसऱ्याचा अंगठा पुढे गेलेला असतो.

नुसत्या गप्पा

हा रस्ता लोक फार कमी लेखतात. समोरच्याने एक पानही न वाचता तुमचं प्रेम त्याच्यापर्यंत पोचू शकतं. जेवताना गोष्ट सांगा, अगदी रंगवून, कुणी काय केलं आणि तुम्हाला का रडू आलं. किंवा आख्ख्या पुस्तकाऐवजी एकच पान दाखवा, "मला हे पान आवडतं, बघ ना", बास, पुस्तक परत घ्या. ज्याला चित्रकलेत किंवा हातकामात रस आहे त्याला मूळ पानांच्या प्रदर्शनाला न्या, ती छापलेल्यापेक्षा मोठी असतात, शाई कुठे दाट आहे, पांढरा रंग लावून कुठली चूक झाकलीये हे दिसतं आणि तिथे कथा माहीत नसली तरी काही अडत नाही. कॉमिक कॉन, म्हणजे चाहत्यांचा मोठा मेळावा, मात्र पहिल्या भेटीसाठी नको, प्रचंड गर्दी, तासन्‌तास उभं राहणं, आणि ज्याला एकही पात्र ओळखू येत नाही तो तिथे फक्त पिशव्या धरतो.

दोन अगदी वेगळ्या प्रकारची पुस्तकं मनापासून वाचूनही उत्तर नाही असेल तर थांबा, तो रुसवा नाही आणि तुमचा अपमानही नाही. वाचनाचा वेळ स्वतःसाठी राखून ठेवा, त्या वेळात समोरचा त्याचं काहीतरी करेल, आणि गप्पांचा रस्ता चालूच ठेवा, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आणि आवडलं तर? लगेच कपाटातली अजून दहा पुस्तकं काढून पुढ्यात रचू नका. समोरच्याला नक्की काय आवडलं ते विचारा, चित्रं की माणसं की विषय, आणि त्यावरून एकच पुढचं द्या. 'पर्सेपोलिस'मधल्या बायका आवडल्या असतील तर सत्रापीचंच 'एम्ब्रॉयडरीज', घरातल्या बायका बसून प्रेम, लग्नं आणि नवऱ्यांबद्दल मोकळेपणाने बोलतात. छोटंसं आहे, आणि हे मात्र हातात द्यायचं, एकट्याने वाचायला.