उथळ खाडीच्या होडीला ट्रोलिंग मोटर, लिथियम बॅटरी आणि फिश फाइंडर: एका हंगामानंतर

मे महिन्यात ट्रोलिंग मोटरचा (होडी हळू आणि आवाज न करता चालवणाऱ्या विजेच्या मोटरचा) प्लग वितळला आणि सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मोटर किती पौंडाची, स्क्रीन किती इंची, हे सगळं जाहिरातीत असतं. एवढं सामान पाण्यावर ज्या वायरीच्या भरवशावर चालतं, तिच्याबद्दल विकणारा एक शब्द बोलत नाही.

होडी साडेपाच मीटरची, फायबरची, जवळजवळ सपाट बुडाची. मागे ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक मशीन. काम मालवणजवळच्या कर्ली आणि कालावल खाडीत, म्हणजे ओहोटीला गुडघाभर ते पुरुषभर पाणी, कुठे रेंदा (चिखल), कुठे वाळू, कुठे कालवांनी भरलेला कातळ. जाळं नाही, गळ आणि नकली आमिष. तांबोशी आणि खजुरा हे मासे कांदळवनाच्या मुळांशी बसतात, तिथे मशीनच्या आवाजाने जाऊन काही उपयोग नसतो. म्हणून पुढच्या नाळेवर १२ व्होल्टची, ५५ पौंड थ्रस्टची (ढकलण्याच्या जोराची) मोटर बसवली.

आता प्लग. ही मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर खेचते. बॅटरी मागे आणि मोटर पुढे असल्याने पाच मीटर जाणारी आणि पाच मीटर परत येणारी, अशी दहा मीटर वायर लागते. विक्रेत्याने मोटरसोबत दिलेली वायर होती ६ स्क्वेअर एमएमची. तिचा रोध मीटरला सुमारे ३.१ मिलीओहम, दहा मीटरला ३१ मिलीओहम. ५० अँपिअरला गुणा: दीड व्होल्टहून जास्त वाटेतच जातात. बॅटरीतून साडेबारा निघाले तर मोटरपाशी अकरा पोचतात. वायर हाताला कोमट लागते आणि मोटर "कमी ताकदीची" वाटते. लोक मग मोठी मोटर घ्यायचा विचार करू लागतात, ती आणखी अँपिअर खेचते आणि दुखणं वाढतं.

प्लगमध्ये हेच दुखणं एका बिंदूवर जमा होतं. नीट क्रिम्प केलेल्या (दाबून बसवलेल्या) जोडाचा रोध एका मिलीओहमच्याही खाली असतो, तिथे ५० अँपिअरला दोन-अडीच वॅट उष्णता तयार होते, ती जाणवतही नाही. खाऱ्या दमट हवेत पिन हिरवी पडली, स्प्रिंग सैल झाली आणि रोध २० मिलीओहमवर गेला की तेच ५० वॅट होतात. अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या पोटात सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं ते आहे. वितळलेला प्लग कापून पाहिला. अधिकची पिन निळसर काळी पडली होती, तिच्यामागची तांब्याची तार चार बोटांपर्यंत आतून काळी आणि ठिसूळ, आणि बाहेरचं इन्सुलेशन मात्र नव्यासारखं. साध्या, कल्हई नसलेल्या तांब्यात मिठाचं पाणी तारांच्या फटींतून वर चढतं. बाहेरून पाहून काहीही कळत नाही.

काय लावायचं ते सांगतो, कारण याच कामात सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक पडतो. पाच मीटर अंतराला १६ स्क्वेअर एमएम, कल्हई केलेली, बारीक तारांची लवचीक वायर. घरात घालतात ती जाड तारांची वायर नको, लाटांच्या हादऱ्याने ती लगच्या (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी तुटते. लगही कल्हईचा, दाबायला षटकोनी क्रिम्पिंगचं हायड्रॉलिक पकड, हातोडीने ठोकलेला लग चालत नाही. नुसतं सोल्डर करून सोडू नका: सोल्डर तारेत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि तिथेच तुकडा पडतो. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. बॅटरीच्या अधिक टर्मिनलपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर. घरातला एमसीबी इथे लावू नका, तो एसीसाठी असतो, डीसीचा आर्क तोडण्याची खात्री त्याच्याकडे नाही. आणि पुढे प्लग ठेवायचाच असेल तर ज्या प्लगवर अखंड ५० अँपिअरच्या वर रेटिंग छापलेलं आहे तोच. मी प्लगच काढून टाकला. दोन पितळी स्टड, त्यांवर लग, वर रबरी टोपी. मोटर घरी नेताना पाना लागतो, पण जोड गरम होत नाही. वायर, लग, ब्रेकर हे सगळं धरून मोटरच्या पाव किमतीतही काम होतं.

तुमच्या होडीत रोग आहे का, हे तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. होडी घट्ट बांधा, मोटर पाण्यात सोडून पूर्ण वेग द्या. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या अधिकवर आणि दुसरं मोटरच्या अधिक लगवर लावा. जे दिसेल ते त्या एका वायरीत हरवलेलं व्होल्टेज. पाच मीटरच्या १६ स्क्वेअरला ०.३ च्या आसपास यायला हवं. ०.८ आलं तर वायर बारीक आहे. वायर जाड असून ०.८ आलं तर कुठला तरी जोड खराब आहे, मग टोक एकेक जोड पुढे सरकवत जा, आकडा जिथे एकदम उडी मारतो तो जोड उघडा. मग उण्याच्या बाजूलाही तसंच. उण्याची बाजू सगळे विसरतात.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं असं की प्लग आणि वायर "ॲक्सेसरी" आहेत, वॉरंटी फक्त मोटरला, आणि तीही खाऱ्या पाण्यातला वापर सोडून. वायर त्यांच्याच बिलावर होती. मोटरच्या माहितीपुस्तकात लांबीप्रमाणे वायरीची जाडी वाढवा असा तक्ता आहे, तो त्यांच्याच माणसाने पाळला नाही. मीटरच्या आकड्यांचे फोटो पाठवल्यावर त्यांनी मोटरचं स्पीड बोर्ड फुकट तपासून दिलं, प्लगचे पैसे दिले नाहीत. मला याचा अजून राग आहे, कारण तारेपायी पेटलेली होडी खाडीच्या मध्यावर विझवणार कोण? घेण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्या: मॉडेल खाऱ्या पाण्यासाठीचं आहे, आणि सोबत दिलेली वायर किती स्क्वेअरची आहे.

मोटरबद्दल मात्र तक्रार नाही. थ्रस्टचा नेहमीचा हिशेब दर ४५ किलोला २ पौंड. माणसं, मशीन, पेट्रोल धरून ७०० किलो होडीला तो ३१ पौंड सांगतो. तळ्यात तेवढं पुरेल, खाडीत सुकतीचं (ओहोटीचं) पाणी ओढत असतं, म्हणून ५५ बरोबर. तरीही उधाणाच्या सुकतीत देवबागच्या संगमाजवळ ही मोटर होडी धरून ठेवेल अशी अपेक्षा करू नका, तिथे मशीनच चालू ठेवा. पाच टप्प्यांच्या मोटरपेक्षा सलग वेग बदलणारी घ्या. टप्प्यांच्या मोटरी कमी वेगात उरलेली वीज उष्णतेत घालवतात, आणि मासे गळाला लावायचं काम तर कमी वेगातच चालतं. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पंखा काढा: नट सोडा, पंखा ओढा, आडवी पिन सांभाळून ठेवा. मागे शाफ्टभोवती नायलॉनचा धागा किंवा जुन्या कांडाळ्याचा (जाळ्याचा) तुकडा गुंडाळलेला सापडतोच. तो सील कापतो, पाणी आत जातं, आणि मग दुरुस्ती मोटरीइतकीच महाग.

लिथियमबद्दल डिसेंबरपर्यंत माझं मत होतं की हा निव्वळ हौसेचा खर्च. ते आता पूर्ण बदललंय. विक्रेते वजनाचं कारण देतात, ते सोडून द्या. १०० एएचची (अँपिअर-अवरची) लेड बॅटरी साधारण २८ किलो, लिथियम १२. सोळा किलो वाचले म्हणून होडी उथळ पाण्यात वर येत नाही: पाणरेषेला होडीचं क्षेत्रफळ सहा चौरस मीटर धरलं तर एक सेंटिमीटर वर यायला साठ किलो उतरवावे लागतात, सोळा किलोला तीन मिलिमीटर सुद्धा नीट मिळत नाहीत. फायदा आहे तो व्होल्टेजचा. लेड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून १०० एएचमधले ५०च हातात, आणि ५० अँपिअरला तेही पुरे मिळत नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेट जवळजवळ शेवटपर्यंत १२.८ च्या आसपास राहते आणि ८० ते ९० एएच खरोखर देते. म्हणजे दोन लेडचं काम एक करते. भरती फिरल्यावर वरच्या खाजणातून परत येताना हा फरक फार मोठा वाटतो.

पण लिथियमनेच प्लगचा जीव घेतला, हे लक्षात घ्या. लेड बॅटरी दबत होती तोवर मोटर पूर्ण अँपिअर खेचतच नव्हती. व्होल्टेज टिकल्यावर खेच वाढली, पूर्ण वेगाचा वेळही वाढला, आणि बारीक वायर व हिरवी पिन उघडी पडली. म्हणून क्रम असा: आधी वायर, मग बॅटरी. उलटा क्रम धोक्याचा आहे. मशीनला चार्जिंग कॉइल असेल तर ती लिथियमला थेट जोडू नका. बॅटरीचं संरक्षक सर्किट मध्येच तुटलं की कॉइलचं व्होल्टेज उसळतं आणि रेक्टिफायर किंवा स्क्रीन जाते. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा, नाहीतर घरी लिथियमच्या चार्जरवर चार्ज करा. तो १४.६ व्होल्टला थांबतो. लेडच्या ज्या चार्जरमध्ये डिसल्फेशन मोड (लेडच्या प्लेटवरचा थर काढणारा) आहे तो लावू नये.

फिश फाइंडरचं, म्हणजे पाण्यात आवाजाच्या लहरींचा झोत सोडून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचं, वर्णन थोडक्यात. दोन मीटर पाण्यात २० अंशांचा झोत तळावर जेमतेम ७० सेंटिमीटर रुंद पडतो, म्हणजे होडीच्या रुंदीहून कमी. मासा त्यात दिसला तर तो होडीखालीच होता आणि पळालाही. त्यामुळे खाडीत याचा उपयोग तळ वाचायला. कातळ आणि कालवांचा तळ जाड, ठळक रेष देतो आणि खाली दुसरा प्रतिध्वनी दिसतो, रेंदा फिकट आणि पातळ. बाजूला पाहणारं सोनार असेल तर पाणवाटेची कड स्पष्ट दिसते आणि खजुरा त्या कडेलाच उभा असतो. ट्रान्सड्यूसर (झोत सोडणारा भाग) मागच्या फळ्यावर उजव्या बाजूला, पंख्यापासून निदान ३८ सेंटिमीटर लांब, बुडाच्या ३ मिलिमीटर खाली. जास्त खाली दिला तर पहिल्याच कालवांच्या कातळावर कंस मोडतो. वीज मात्र वेगळ्या ७ एएच बॅटरीवरून द्या. मोटरच्याच बॅटरीवर ठेवला तर पडद्यावर तिरक्या रेषांचा पाऊस पडतो.

मागच्या मशीनला नवीन काही घेतलं नाही, फक्त दोन बदल. झिंकच्या जागी ॲल्युमिनियमचा ॲनोड (मशीनऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा), कारण पावसात वरच्या खाडीचं पाणी गोडं होतं आणि गोड्या पाण्यात झिंकवर पांढरं कवच धरून ते काम थांबवतं. दुसरं, इम्पेलर (मशीन थंड ठेवणारं पाणी उचलणारा रबरी पंखा) दर वर्षी, सोबत त्याच्या घराची वाटी आणि खालची पत्रीही पाहा. गाळाने वाटीला चरे पडलेले असले तर नवा इम्पेलरही पाणी उचलत नाही. उथळ पाण्याच्या खाचेत मशीन उचलून चालवताना वेग कमी, आणि रिव्हर्स जपून, त्या स्थितीत टिल्टचं कुलूप धरत नाही. पाण्याची धार मागून दिसतेय ना, तेवढ्यावर डोळा ठेवा.

होडी रोवून ठेवायला विजेचे खिळे मिळतात, ते घेऊ नका. आपल्या खाडीत रेंद्याखाली कुठे कातळ लागेल सांगता येत नाही. चार मीटरचा पक्का बांबू, खाली टोक, आणि होडीच्या कडेला दोरीचं कडं, एवढ्याने भरती चढली तरी होडी बांबूवर वर सरकते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होडीला मासेमारीची बंदी असते, तेवढ्या दोन महिन्यांत लिथियम ५० ते ६० टक्के भरून, सगळ्या तारा सोडवून, कोरड्या खोलीत ठेवा. पूर्ण भरून ठेवू नका, आणि फिश फाइंडरची तार लटकती सोडू नका, संरक्षक सर्किट कापेपर्यंत ती बॅटरी पिते. स्टडवर व्हॅसलीन, ब्रेकर बंद, आणि ऑगस्टमध्ये पाण्यात उतरवण्याआधी तीच मीटरची तपासणी पुन्हा, दोन्ही बाजूंनी.