वृद्धाश्रम, वापरानंतरचा अनुभव: जेवण ठीक, बाग छान, कडी नाही

पुण्याबाहेरच्या एका ट्रस्टच्या वृद्धाश्रमात माझी आत्या गेल्या पावसाळ्यापासून राहते. नाव देत नाही, कारण तिला पुढेही तिथेच राहायचंय. खोलीचा आकार, डिपॉझिट, डॉक्टरांची फेरी हे सगळं माहितीपत्रकात असतं आणि कुठेही गेलात तरी उन्नीस-बीस. मी बाथरूमच्या दारावर लिहिणार आहे.

दाराला आतून कडी नाही. होती, काढली. स्क्रूच्या भोकांत भरलेली पुट्टी अजून पांढरी दिसते. 'आजी आत पडल्या तर दार तोडावं लागतं,' असं व्यवस्थापकांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नाही. सुरुवातीला मला पटलंही. चार तारे तेव्हाच देऊन मोकळा झालो असतो.

मग आत्या पहाटे साडेचारला गार पाण्याने आंघोळ करायला लागली. गरम पाणी सहाला सोडतात, पण सहानंतर फरशी पुसणाऱ्या मावशी, गोळ्या देणारी मुलगी, कुणीही दार ढकलून आत येतं. 'आजी, झालं का?' हा प्रश्न दार उघडल्यावर विचारतात. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिने तक्रार केली नाही, भरलेली बादली दाराला टेकवून ठेवायला लागली. म्हणजे सुरक्षेसाठी कडी काढली आणि तिच्या जागी ओल्या फरशीवर पाण्याची बादली आली. शिवाय दार आत उघडतं. माणूस दाराशीच पडला तर कडी असो नसो, ते उघडणार कसं? हे विचारलं तर व्यवस्थापक म्हणाले, "काका, तुम्ही इंजिनिअर होतात का?" मी विमा कंपनीत होतो. धोका मोजण्यातच सगळी नोकरी सरली.

एवढी काळजी असेल तर घंटेची दोरी बघा. कमोडशेजारी लाल दोरी आहे, ओढली की खाली काउंटरवर वाजते. चांगली सोय. ती जमिनीपर्यंत लोंबती हवी, कारण पडलेला माणूस जमिनीवर असतो. इथे फरशी पुसताना मध्ये येते म्हणून ती गाठ मारून टॉवेलच्या दांडीला टांगलेली. उभ्या माणसालाच वाजवता येईल अशी. मी गाठ सोडतो, पुढच्या वेळी जातो तर पुन्हा बांधलेली.

तोडगा हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. आतून फिरवायची खिटी आणि बाहेरच्या बाजूला खाच असलेलं लॉक येतं. अडीअडचणीला बाहेरून खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडतं. किंमत साडेचारशे, सुताराची मजुरी वेगळी. यासाठी ट्रस्टने अर्ज भरायला लावला आणि खाली रकाना होता 'पालकाची सही'. आत्याची पेन्शन आहे, महिन्याचे बावीस हजार तिच्याच खात्यातून जातात, कोडं सोडवताना ती मला हरवते. तिने 'पालकाची' खोडलं, वर 'स्वतःची' लिहिलं आणि शाळेच्या दाखल्यावर करायची तशी झोकदार सही ठोकली. कारकुनाने तो अर्ज तसाच घेतला. त्याला एक तारा जास्त.

पैशाचं निघालंच आहे तर, नवीन येणाऱ्यांनी जीएसटी विचारून घ्या. आयकरात धर्मादाय म्हणून नोंदलेली संस्था असेल, राहणारा साठीच्या पुढचा असेल आणि राहणं, जेवण, देखभाल धरून महिना 25,000 रुपयांपर्यंत आकार असेल, तर 2018 पासून त्यावर जीएसटी माफ आहे. खाजगी कंपनीच्या आश्रमाला ही सवलत नाही. दोन ठिकाणचे दर शेजारी ठेवताना हा कर धरूनच ठेवा, नाहीतर स्वस्त वाटलेलं महाग निघतं.

लॉक लागल्यापासून आत्या साडेसहाला गरम पाण्याने आंघोळ करते. आधी सांधे धरले म्हणून फिजिओथेरपिस्ट लावायचं चाललं होतं, तो विषय तूर्त बंद. मावशींना एकदा नाणं घालून दाखवलं. आता त्या आधी टकटक करतात, कारण नाणं शोधण्यापेक्षा ते सोपं. वागणूक सुधारायला भाषण लागलं नाही, एक खिटी पुरली. शेजारच्या खोलीतल्या आजोबांनीही तसंच लॉक मागितलंय. दार बाहेर उघडतं करायला मात्र चौकट बदलावी लागेल म्हणतात, म्हणून ते ट्रस्टच्या बैठकीवर ढकललंय. बैठक कधी, ते कुणी सांगत नाही.

बाकी: आमटी पातळ, भाकरी उत्तम, रात्री एका मजल्याला एकच माणूस, जो कमी पडतो. साडेतीन तारे. अर्धा तारा त्या दोरीने खाल्ला. आणि लॉकचे साडेचारशे आम्हीच भरले, ते पुढच्या बिलातून वळते करा असा अर्ज आत्याने दिलाय. पोचपावती घेतलीय.